यादी, परवानगी आणि बंदर : युद्धातून माणसं बाहेर काढण्याचा इतिहास

(किल्लारी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



युद्ध पेटलेल्या देशातून लष्कर जहाजानं आणि विमानानं सामान्य माणसांना बाहेर कसं काढतं, हा आजचा विषय आहे. समुद्र इथून कितीतरी लांब, तेव्हा किल्लारीत हा विषय कशाला, असं कुणालाही वाटेल. पण लष्कर नागरिकांच्या मदतीला येतं म्हणजे काय, हे या गावाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं, त्यानंतर जवानांनी इथले ढिगारे उपसले. ते पाहिलेली माणसं आज इथं समोर बसलेली आहेत.

मला सुरुवातीलाच एक फरक सांगायचा आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. भूकंपात मदत करायला येणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही. रस्ता चिखलाचा असेल, पाऊस असेल, पण वाटेत बंदूक रोखून कुणी उभं नसतं. युद्धात तसं नाही. तिथं मदतीचं जहाज बंदरापर्यंत पोहोचलं, तरी ते आत शिरणार की नाही, हे दुसराच कुणीतरी ठरवतो. कधी कधी असे तीन-चार 'दुसरे' असतात आणि ते एकमेकांवर गोळ्या झाडत असतात.

म्हणून अशा मोहिमांचा इतिहास वाचताना तोफा आणि क्षेपणास्त्रांकडे कमी बघावं लागतं. बघायच्या त्या तीन साध्या गोष्टी : यादी, परवानगी आणि मधलं बंदर. यादी म्हणजे कुणाला बाहेर काढायचं ते. परवानगी म्हणजे गोळीबार कुणी, किती वेळ थांबवायचा ते. आणि मधलं बंदर म्हणजे माणसं घेऊन जायची अशी जवळची सुरक्षित जागा. या तीनपैकी एक जरी नसलं, तर जगातली सगळ्यात भारी युद्धनौकाही नुसती पाण्यावर उभी राहते.

आता येमेनची गोष्ट घेऊ. २०१५ साल. २६ मार्चला सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या देशांनी येमेनमध्ये हवाई हल्ले सुरू केले. राजधानी साना हुती बंडखोरांच्या ताब्यात होती आणि एडन बंदरात रस्त्यारस्त्यांवर लढाई चालली होती. तिथं हजारो भारतीय होते. रुग्णालयांतल्या परिचारिका, तेलकंपन्यांतले कामगार, छोटे व्यावसायिक. वरून आकाश बंद, कारण सौदीनं उड्डाणबंदी लावलेली. खाली जमिनीवर कुठला नाका कुणाचा, हे दर दोन तासांनी बदलत होतं.

भारतानं जी मोहीम काढली तिचं नाव 'ऑपरेशन राहत'. ३० मार्चला मुंबईहून 'आयएनएस मुंबई' आणि 'आयएनएस तर्कश' या युद्धनौका निघाल्या. पण मुंबईहून एडनला जायला दिवस लागतात. त्या आधी पोहोचली ती 'आयएनएस सुमित्रा'. ही काही मोठी लढाऊ नौका नव्हे. गस्ती नौका. एडनच्या आखातात समुद्री चाच्यांच्या विरोधात तिची गस्त चालू होती, ती तशीच वळवली. तिचे कमांडिंग ऑफिसर होते कमांडर मिलिंद मोकाशी. ३१ मार्चच्या रात्री सुमित्रा एडनच्या बंदरात शिरली आणि ३४९ भारतीयांना घेऊन निघाली. त्यांत १०१ बायका आणि २८ मुलं होती. महाराष्ट्रातले होते ३१. मोकाशी यांना पुढे शौर्यचक्र मिळालं.

आता हिशेब बघा. गस्ती नौकेवर खलाशांच्याच झोपायच्या जागा मोजून असतात. अशा नौकेवर आणखी साडेतीनशे माणसं घ्यायची म्हणजे काय? माणसं मिळेल त्या जागेत बसवायची, आणि खाणं, पाणी, संडास सगळं वाटून घ्यायचं. हे चालतं ते फक्त एका कारणानं : प्रवास छोटा असतो. एडनहून समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जिबुती सुमारे अडीचशे किलोमीटर. एका रात्रीचं अंतर. ती माणसं थेट मुंबईला आणायची म्हटलं असतं, तर नौका आठवडाभर अडकली असती आणि मागं राहिलेल्यांना कुणी आणलं नसतं. मधल्या बंदराचं महत्त्व ते हेच. जहाजानं फक्त धोक्याचं पाणी ओलांडून द्यायचं आणि पुन्हा फिरायचं. जिबुतीहून पुढं हवाई दलाची 'सी-१७ ग्लोबमास्टर' विमानं होती. पहिल्या खेपेतली १९० माणसं २ एप्रिलच्या पहाटे मुंबईत उतरली.

चार एप्रिलला 'आयएनएस मुंबई' एडनजवळ पोहोचली, पण बंदरात गेली नाही. बंदराच्या परिसरात तोफगोळे पडत होते. एवढी मोठी विनाशिका धक्क्याला बांधून ठेवणं म्हणजे स्वतःहून निशाण बनणं. मग ती बाहेर खोल पाण्यात थांबली आणि लहान होड्यांतून माणसं तिच्यापर्यंत आणली. ४४१ जण. गंमत अशी की त्यांत भारतीय होते १७९. बाकीचे वेगवेगळ्या देशांचे.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. त्या विनाशिकेवर क्षेपणास्त्रं होती, तोफा होत्या. पण बंदरात जाण्यासाठी त्यांतलं एकही वापरता आलं नाही आणि वापरायचंही नव्हतं. भारत त्या भांडणात कुणाच्याच बाजूनं नव्हता. एक गोळी झाडली असती तर दुसऱ्या दिवशीची परवानगी संपली असती. शस्त्रं होती ती 'आमच्या वाटेला जाऊ नका' एवढं सांगण्यापुरती. काम केलं ते होड्यांनी आणि दोरीच्या शिड्यांनी.

परवानगीची गोष्ट तर विमानांच्या बाबतीत आणखी स्पष्ट दिसते. सानाहून एअर इंडियाची विमानं उडायची होती. आकाश सौदीच्या हातात, विमानतळ हुतींच्या हातात. भारताच्या पंतप्रधानांनी सौदीच्या राजांशी बोलणं केलं. परराष्ट्र राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंग स्वतः जिबुतीला तळ ठोकून बसले. मग दिवसाचे ठरावीक तास मिळाले. तेवढ्या वेळात विमानानं उतरायचं, माणसं घ्यायची, उडायचं. बस वेळेवर आली नाही, कागद कमी पडला, तर तो दिवस गेला. अशा १८ खास उड्डाणांतून सानाहून सुमारे २,९०० माणसं निघाली. एडन, होदैदा आणि मुकल्ला या बंदरांतून नौदलानं सुमारे १,६७० जणांना काढलं. सगळं मिळून ४,६४० हून जास्त भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर आले.

परक्यांना का घेतलं? तर २६ देशांनी भारताकडे मदत मागितली होती. त्यांत अमेरिका आणि ब्रिटनही होते. त्यांच्याकडे जहाजं नव्हती का? होती. पण येमेनमध्ये दोन्ही बाजूंशी बोलू शकेल असा देश त्या क्षणी भारत होता. अन् हे एकतर्फीही नव्हतं. मुकल्लातून ११ भारतीयांना पाकिस्तानी नौदलाच्या जहाजानं कराचीला आणलं आणि तिथून ते विमानानं दिल्लीला आले. भारत-पाकिस्तानच्या इतिहासात अशी पानं कमी आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

याच 'आयएनएस मुंबई'चा एक जुना फेरा सांगतो. ही माझगाव गोदीत बांधलेली नौका, २००१ साली नौदलात आली. जुलै २००६ मध्ये इस्राएल आणि हिजबुल्ला यांच्यात लढाई पेटली. इस्राएलनं बैरुतचा विमानतळ बॉम्ब टाकून निकामी केला आणि समुद्राची नाकेबंदी केली. म्हणजे हवाई वाट गेली आणि समुद्राची वाट इस्राएलच्या मर्जीवर राहिली. त्या वेळी योगायोगानं भारताच्या चार नौका भूमध्य समुद्राचा दौरा आटोपून घरी परतत होत्या. मुंबई, ब्रह्मपुत्र, बेतवा आणि शक्ती. त्यांना परत वळवलं. ही 'ऑपरेशन सुकून'. बैरुतहून माणसं घेऊन त्यांना सायप्रसच्या लार्नाकाला सोडायचं, तिथून विमान. सुमारे २,२८० जण निघाले. भारतीयांबरोबर श्रीलंकेचे आणि नेपाळचे लोकही होते. तिथंही साचा तोच : नाकेबंदी करणाऱ्याची परवानगी, आणि जवळचं मधलं बंदर.

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, आम्ही तर कुवेतची गोष्ट ऐकलेली आहे, सिनेमाही पाहिला. बरोबर आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत गिळलं, तेव्हा तिथं दीड लाखाहून जास्त भारतीय होते. पण ती सुटका मुख्यतः लष्करी नव्हती. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर, ५९ दिवस, एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्या, आणि एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसं. नागरी विमानांनी केलेली ही जगातली सगळ्यात मोठी सुटका मानतात. तिथलं मधलं बंदर म्हणजे जॉर्डनची राजधानी अम्मान. कुवेतहून बसरा, बगदाद, तिथून वाळवंटातून अम्मान. हजार किलोमीटरच्या वर बसचा प्रवास, आणि शेवटी विमान. परवानगी आणली ती त्या वेळचे परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी, बगदादला जाऊन, सद्दाम हुसेनला भेटून. त्या भेटीत सद्दामनं गुजरालांना मिठी मारली आणि त्या छायाचित्रावरून जगभर टीका झाली. पण कुवेतहून निघायचं तर किल्ली सद्दामच्या खिशात होती. अशा वेळी ज्याच्याशी बोलावंसं वाटत नाही त्याच्याशीही बोलावं लागतं.

परवानगी आणि बंदर झालं. आता तिसरी गोष्ट, यादी. तिच्यासाठी आपल्याला आणखी मागं जावं लागेल, १९४२ च्या ब्रह्मदेशात.

तेव्हा रंगून हे अर्धंअधिक भारतीयांचं शहर होतं. गोदीतले हमाल, गिरणीतले मजूर, दुकानदार, कारकून. २३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि लोक पळायला लागले. जहाजं होती. विमानंही होती. पण राज्य इंग्रजांचं, आणि यादीही इंग्रजांची. गोदी चालू राहावी म्हणून भारतीय मजुरांना डेकचं तिकीट द्यायचं थांबवलं गेलं. पुढं उत्तरेकडच्या धावपट्ट्यांवरून जी विमानं निघाली, त्यांत गोऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना आधी जागा. बाकीचे चालत निघाले. चार-पाच लाख भारतीय आराकानच्या आणि मणिपूरच्या डोंगरांतून पायी आले. वाटेत पटकी, हिवताप, उपासमार. किती हजार मेले याची नीट मोजदाद कधी झालीच नाही. चालण्याच्या वाटाही गोऱ्यांच्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, अशी तक्रार तेव्हा देशभर झाली. परदेशातल्या भारतीयांचं खातं व्हाइसरॉयच्या मंडळात त्या वेळी एका मराठी माणसाकडे होतं, वणीचे लोकनायक बापूजी अणे. खातं भारतीयाकडे असलं, तरी जहाजावर कोण चढणार हे ठरवण्याची सत्ता त्यांच्याकडे नव्हती.

१९४२ आणि २०१५ शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे युद्ध, दोन्हीकडे जहाज आणि विमान. १९४२ ला आपल्याच माणसांना आपल्या वाटेवरच्या जहाजात जागा नव्हती. २०१५ ला ४१ देशांची माणसं आपल्या जहाजावर होती. या मधल्या काळात इंजिनं सुधारली, हे खरं. पण मुख्य बदल झाला तो यादी लिहिणाऱ्या हातात. स्वातंत्र्य मिळालं म्हणजे काय मिळालं, असं कुणी विचारलं तर त्याचं एक उत्तर हे आहे.

आणि यादी म्हणजे काय असतं, हे किल्लारीला माहीत आहे. भूकंपानंतर गावांचे वर्ग पडले. ५२ गावं पूर्ण नव्या जागी बसवायची ठरली. बाकीच्यांना त्याच जागी बांधकाम किंवा दुरुस्ती. त्या यादीत गाव कुठं, घर कुठं, नाव कुणाचं, याच्यावर पुढची सगळी आयुष्यं ठरली. मदत येते ती नावानं येते. ज्याचं नाव कागदावर नाही, तो समोर उभा असूनही मोजला जात नाही.

परदेशात हीच गोष्ट जास्त कठोर होते. येमेनमध्ये भारतीय दूतावासानं जानेवारी २०१५ पासूनच 'निघा' अशा सूचना दिल्या होत्या. हल्ले सुरू झाले मार्चच्या शेवटी. मधे दोन महिने होते. मग लोक निघाले का नाहीत? कारण निघणं फुकट नसतं. एजंटाचं कर्ज काढून गेलेला माणूस, पगार चार महिने थकलेला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. देश सोडायला मालकाची मंजुरी लागते अशी पद्धत आखातातल्या बऱ्याच देशांत होती. असा माणूस बॉम्ब पडेपर्यंत थांबतो, आणि बॉम्ब पडायला लागले की मग त्याला जहाज हवं असतं. हा त्याचा मूर्खपणा नाही. गावाकडं हप्ता भरायचा असतो.

अगदी अलीकडचं उदाहरण सांगून आवरतो. १५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये सैन्याचे दोन गट एकमेकांवर तुटून पडले. तिथल्या साखर कारखान्यांत आपल्या सांगली जिल्ह्यातले लोक कामाला होते. ऊस आणि साखर म्हटलं की महाराष्ट्राचा माणूस जगात कुठंही सापडतो. खार्टूमचा विमानतळ तर लढाईचं मैदान झाला होता. मग वाट एकच, रस्त्यानं पोर्ट सुदानपर्यंत, खार्टूमहून आठशे किलोमीटरच्या वर. तिथून नौदलाच्या जहाजानं तांबडा समुद्र ओलांडून जेद्दा. 'ऑपरेशन कावेरी'. 'आयएनएस सुमेधा'च्या पहिल्या खेपेला २७८ जण आले. एकूण ३,८६२ जण परतले. त्यातल्या काहींना बंदरापर्यंत पोहोचणंच शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी खार्टूमच्या उत्तरेला वादी सय्यिदना नावाच्या धावपट्टीवर हवाई दलाचं 'सी-१३० जे' विमान रात्री उतरलं. धावपट्टीची अवस्था वाईट, उतरताना वाट दाखवणारे दिवे नाहीत, इंधन नाही. वैमानिकांनी रात्री दिसणाऱ्या चष्म्यांवर विमान उतरवलं, इंजिनं बंदच केली नाहीत, आणि १२१ जणांना घेऊन निघाले. त्यांत एक गरोदर बाईही होती.

त्या धाडसाला सलाम आहेच. पण ते १२१ जण त्या रात्री त्या ठिकाणी जमले कसे? कुणीतरी आधी यादी केली. फोन केले. कुठं यायचं, किती वाजता, किती सामान, हे सांगितलं. विमान उतरण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी वहीत नावं लिहीत बसलं होतं. इतिहासात विमानाचा फोटो राहतो, वहीचा राहत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या भागासाठी आहे. लातूर, नांदेड, धाराशिव इथली पोरं आखातात जातात, आता आणखीही लांब जातात. त्यांना जाऊ नका म्हणायचा अधिकार मला नाही. पावसावर शेती सोडून पोट भरायला माणूस कुठंही जाईल. पण या इतिहासातून घरच्यांनी दोन-तीन गोष्टी घ्याव्यात. परदेशात पोहोचल्यावर दूतावासात नावनोंदणी करा. ते फुकट असतं. पासपोर्टची आणि करारपत्राची प्रत घरी ठेवा. पासपोर्ट मालकानं ठेवून घेतला असेल तर दूतावासाला ते कळवा, भांडण पेटायच्या आधी. आणि घरच्यांनी पोराला 'सूचना आली तर ये, पैशाचं बघू' असं एकदा स्पष्ट सांगा. दूतावासाच्या दहा पत्रकांपेक्षा आईचं ते वाक्य जास्त काम करतं.

जहाजानं आणलेला माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरतो, गळ्यात हार पडतो, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी तो गावी येतो आणि तिसऱ्या दिवशी सावकार दारात उभा असतो. कुवेतहून आलेल्यांचंही असंच झालं. अनेकांची बचत तिकडच्या बँकेत अडकून राहिली आणि नुकसानभरपाई हातात पडायला पुढं वर्षं लागली. सुटका काही दिवसांत होते, बसणं वर्षानुवर्षं चालतं. नव्या किल्लारीच्या रस्त्यांवरून आज येताना तुम्हीही हेच बघत आलात. जुनं गाव सोडून इथं यायला जेवढे दिवस लागले, त्यापेक्षा इथं रुजायला किती जास्त लागले, हे तुम्हीच मला सांगू शकाल.

म्हणून पुढच्या वेळी टीव्हीवर आपली नौका कुठल्या तरी पेटलेल्या बंदराबाहेर उभी दिसली, तर अभिमान जरूर वाटू द्या. आणि त्या पाठोपाठ विचारा : यादी कुणी केली, परवानगी कुणी आणली, आणि उतरल्यावर या माणसांचं पुढं काय झालं?

प्रश्न असतील तर घेऊ.